कागदावरची एक लाख अठ्ठेचाळीस हजार एकर

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय, थेट अमेरिकेच्या मध्यावर, कॅन्सस सिटीला. या नावाची दोन शहरं आहेत. एक मिझुरी राज्यात, आणि त्याला अगदी चिकटून दुसरं कॅन्सस राज्यात. आपल्याला हे दुसरं हवंय. फोनवर नकाशा उघडून झूम केलात तर दिसेल, भर शहरात एक हिरवा तुकडा आहे. आजूबाजूला रस्ते, कचेऱ्या, शेजारी एक कसिनो. मधला हिरवा तुकडा म्हणजे दफनभूमी. जेमतेम दोन एकर.

इथे वायंडॉट लोकांच्या कबरी आहेत. वायंडॉट म्हणजे अमेरिकेच्या मूळनिवासींपैकी एक समाज. ते १८४३ साली इथे आले तेव्हा त्यांच्या खिशात अमेरिकन सरकारचा सही-शिक्क्याचा करार होता. त्या करारात त्यांना १,४८,००० एकर जमीन कबूल केली होती. ती जमीन त्यांना कधीच मिळाली नाही. कमी मिळाली, नापीक मिळाली असं नाही. मिळालीच नाही.

हे कसं झालं ते सांगायला मी एक माणूस निवडलाय. विल्यम वॉकर. हिरो म्हणून निवडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ऐकता ऐकता तुम्हाला तो आवडेल, मग काही मिनिटांनी अजिबात आवडणार नाही. पण या सगळ्या उठाठेवीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असलेला, आणि स्वतः लिहून ठेवणारा माणूस तोच.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. वायंडॉट मूळचे आजच्या कॅनडातले, ह्युरॉन नावाच्या मोठ्या सरोवराच्या बाजूचे. ह्युरॉन हे फ्रेंचांनी ठेवलेलं नाव. १६४९ च्या सुमाराला शेजारच्या इरोक्वॉय संघाशी झालेल्या लढायांत त्यांची गावं उद्ध्वस्त झाली आणि उरलेले लोक पांगले. फिरत फिरत पुढची पिढी डेट्रॉइटजवळ आणि मग आजच्या ओहायो राज्यात स्थिरावली. म्हणजे विस्थापन त्यांच्या रक्तात होतं म्हणा ना. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मुख्य वस्ती होती अपर सँडस्की या गावाभोवती. १८१७ आणि १८१८ च्या करारांनी तिथली जमीन त्यांच्यासाठी राखीव ठरली होती. शेती होती, लाकडी घरं होती, गुरं होती, शाळा होती. १८२४ मध्ये बांधलेलं दगडी चर्च होतं, आणि ते आजही उभं आहे.

या चर्चबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. वायंडॉट लोकांत मेथडिस्ट पंथ आणला तो जॉन स्ट्युअर्ट नावाच्या माणसाने. १८१६ साली एकटा चालत आला. त्याच्यात आफ्रिकन वंशाचं रक्त होतं. आणि त्याचं प्रवचन वायंडॉट भाषेत सांगणारा दुभाषा जोनाथन पॉइंटर, तोही कृष्णवर्णीय. लहानपणी वायंडॉट लोकांनी पकडून आणलेला आणि त्यांच्यातच वाढलेला. देशात गुलामगिरी जोरात चालू असताना एका मूळनिवासी समाजाला दोन काळी माणसं धर्म सांगत होती.

आता वॉकर. जन्म १८०० च्या आसपासचा. बाप गोरा, पण लहानपणी व्हर्जिनियातून पळवून आणलेला आणि मूळनिवासींत वाढलेला. आई कॅथरीन रँकिन वायंडॉट वंशाची. वायंडॉट समाजात कूळ आईकडून येतं. त्यामुळे त्यांच्या हिशेबाने हा मुलगा पुरता वायंडॉट. त्याला उत्तम शिक्षण मिळालं, इंग्रजी लिहिण्यात तो तरबेज झाला, अनेक भाषा बोलायचा. गावाचा पोस्टमास्तरही झाला. सरकारशी पत्रव्यवहार करायचा, करारातला बारीक टाइप वाचायचा, तर वॉकरला बोलवा. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो बघा, ज्याच्याकडे सगळे अर्ज लिहून घ्यायला येतात. फक्त इथे अर्ज होता अख्ख्या समाजाच्या जमिनीचा.

१८३० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट पास केला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मूळनिवासींनी जमिनी सोडायच्या आणि पश्चिमेला जायचं. कायद्यात भाषा ‘अदलाबदली’ची होती. प्रत्यक्षात काय झालं ते चेरोकी लोकांच्या हकिकतीमुळे जगाला माहीत आहे. वायंडॉट लोकांना सरकारी प्रतिनिधी गार्डिनर म्हणाला, पश्चिमेची जमीन एकदा बघून तर या. वायंडॉट म्हणाले, ठीक, बघून येतो. १८३१ च्या शेवटी एक छोटी टीम निघाली आणि तिचा म्होरक्या होता वॉकर.

जी जमीन दाखवायची होती ती तेव्हाच्या मिझुरी राज्याच्या सीमेपलीकडे, प्लॅट नावाच्या छोट्या नदीच्या भागात. परत येऊन वॉकरने अहवाल लिहिला, आणि तो माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात हुशार कागद आहे. त्याने नुसतं ‘आम्हाला जायचं नाही’ असं रडगाणं गायलं नाही. मुद्दे मांडले. लाकूड पुरेसं नाही. जमीन सांगितली तशी नाही. शेजार वाईट, कारण सीमेवर कायद्यापासून पळालेले लोक गोळा झालेत. आणि मिझुरी हे गुलामगिरीचं राज्य आहे, गुलाम बाळगणारे लोक इंडियनांशी सहसा बरे वागत नाहीत, असाही एक मुद्दा. एकूण सल्ला स्पष्ट होता. आहोत तिथेच राहा.

गार्डिनर चिडला. यांनी जमीन नीट बघितलीच नाही, असं त्याचं म्हणणं. पण पुढे काय झालं बघा. ती जी प्लॅटची जमीन होती ना, ‘इंडियनांसाठी कायमची’, ती १८३६ मध्ये सरकारने परत घेऊन मिझुरी राज्याला जोडून टाकली. तिथे असलेल्या जमातींना नदीपलीकडे ढकललं. वायंडॉट तिथे गेले असते तर पाच वर्षांत पुन्हा बोचकी बांधावी लागली असती.

या नकाराने वायंडॉट लोकांना मिळाली आणखी बारा वर्षं. पण ती वर्षं फुकट नव्हती. १८३२ मध्ये एक तुकडा विकावा लागला, १८३६ मध्ये आणखी एक, आणि १८३६ च्या करारावर वॉकरचीच सही आहे. चहूबाजूंनी गोरे शेतकरी वाढत होते, दारूचे अड्डे वाढत होते, घोडे चोरीला जात होते. आणि मग समंडेवॉटचा खून झाला.

समंडेवॉट हा त्यांचा प्रमुख नेता आणि चर्चमध्ये प्रवचन देणारा. १८४० च्या सुमाराला शिकारीच्या मुक्कामावर असताना दोन-तीन गोरे आले, त्याने त्यांना जेवू घातलं, आणि रात्री झोपेत त्यांनी त्याला मारलं. संशयित पकडले गेले, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. आपल्याला हाकलणारा कायदा दूर वॉशिंग्टनमध्ये असतो, पण आपल्याला वाचवणारा कायदा जवळच्या तुरुंगाचं दारसुद्धा बंद ठेवू शकत नाही, हे एकदा कळलं की माणूस काय करणार? ‘आहोत तिथेच राहा’ म्हणणाऱ्या लोकांचा आवाज बारीक होत गेला.

१७ मार्च १८४२. करार झाला. सरकारकडून जॉन जॉन्स्टन, वय झालेला आणि या लोकांना बरीच वर्षं ओळखणारा माणूस. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात चार्ल्स डिकन्स, हो, तोच कादंबरीवाला, अमेरिका फिरताना अपर सँडस्कीत एक रात्र राहिला आणि नाश्त्याला त्याची गाठ याच जॉन्स्टनशी पडली. डिकन्सच्या प्रवासवर्णनात त्या भेटीचा उल्लेख आहे.

आता करारातले आकडे ऐका. वायंडॉटनी सोडायची जमीन: ओहायोतली १,०९,१४४ एकर आणि मिशिगनमधली सुमारे ५,००० एकर. बदल्यात मिसिसिपीच्या पश्चिमेला १,४८,००० एकर. शिवाय दरवर्षी कायमचे १७,५०० डॉलर, शाळेसाठी वर्षाला ५०० डॉलर, स्थलांतराच्या खर्चाला १०,००० डॉलर, घरं-गोठे-कुंपणं यांची वेगळी भरपाई, आणि समाजावरचं २३,८६० डॉलरचं कर्ज सरकार फेडणार. त्या काळातल्या इतर जमातींच्या करारांशी तुलना केली तर हे सौदे ठोकून घेतलेले दिसतात. कागद वाचता येणारी माणसं टेबलावर असल्याचा फरक.

आणखी एक कलम होतं, चौदावं. त्यात पस्तीस माणसांची नावं होती. त्या प्रत्येकाला ६४० एकर, आणि तीही मिझुरी नदीच्या पश्चिमेला हवी तिथे निवडायची मुभा. समाजाच्या जमिनीपेक्षा वेगळी, खाजगी. या यादीत विल्यम वॉकर आहे, त्याचे भाऊ आहेत, बाकीची बरीचशी नावं शिकलेल्या, मिश्र वंशाच्या घराण्यांतली. पुढे या हक्कांना तिकडे ‘फ्लोट’ म्हणायला लागले, म्हणजे तरंगते. यातलेच काही फ्लोट वापरून नंतर लॉरेन्स आणि टोपिका या शहरांच्या जागांवर हक्क सांगितला गेला, आणि टोपिका ही आज कॅन्ससची राजधानी आहे. करार लिहिणाऱ्यांनी स्वतःचा वाटा आधी काढून घेतला, असं मी म्हणेन. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं राबले तर घेतलं थोडं. माझं मन काही ते मानत नाही.

आणि आता मुख्य घोटाळा. ती १,४८,००० एकर जमीन नेमकी कुठे? करारात ठिकाणच नव्हतं! भाषा अशी होती की इंडियनांसाठी राखून ठेवलेल्या किंवा पुढे राखून ठेवल्या जातील अशा, आणि दुसऱ्या कोणत्याही जमातीला आधी दिलेल्या नसतील अशा सरकारी जमिनीतून ही निवडायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डॉक्युमेंटमध्ये एखादी गोष्ट ठरलेली नसली की तिथे ‘टीबीडी’ लिहितात, म्हणजे नंतर ठरवू. आणि सगळ्यांना माहीत असतं की प्रोजेक्ट बुडतो तो त्या टीबीडीमध्येच. इथे आकडा एकरापर्यंत पक्का होता, पत्ता मात्र टीबीडी.

वायंडॉटना वाटत होतं की पश्चिमेला शॉनी जमातीकडे भरपूर जमीन आहे, त्यांच्याकडून घेऊ. शॉनी जुने ओळखीचे. पूर्वी ओहायोत शॉनींना आणि डेलावेअरांना जागा देणाऱ्यांत वायंडॉटच होते. तोंडी बोलणी झाली होती. तेवढ्या भरवशावर अख्खा समाज निघाला.

निघताना त्यांनी काय केलं ते मला वाचताना थांबवून गेलं. जॉन स्ट्युअर्टचे आणि समंडेवॉटचे अवशेष उकरून चर्चच्या आवारात आणून पुरले. कबरी व्यवस्थित केल्या. चर्च आणि त्याचं आवार मेथडिस्ट चर्चच्या स्वाधीन केलं, सांभाळा म्हणून. स्क्वायर ग्रे आइज नावाच्या नेत्याने, जो शेवटपर्यंत जाण्याच्या विरोधात होता, निरोपाचं भाषण केलं. घराला कुलूप लावताना आपण गॅस बंद आहे का ते बघतो. त्यांनी मेलेली माणसं नीट झोपली आहेत का ते बघितलं.

१२ जुलै १८४३ ला तांडा हलला. साडेसहाशेच्या वर माणसं, शंभरावर गाड्या, घोडे. सोबत सैन्य नव्हतं, ठेकेदारही नव्हता. आमचं स्थलांतर आम्हीच करू, हे त्यांनी करारातच मिळवलं होतं. प्रमुख होता हेन्री जॅक्स. आठवडाभर चालून सिनसिनाटी, तिथून दोन आगबोटी. ओहायो नदीवरून जाताना वाटेत माजी राष्ट्राध्यक्ष हॅरिसनची समाधी लागली, तेव्हा नेत्यांनी डेकवर टोप्या काढून उभं राहून मानवंदना दिली, अशी बातमी तेव्हा आली होती. १८१२ च्या युद्धात सँडस्कीचे बरेच वायंडॉट याच हॅरिसनच्या बाजूने होते. अमेरिकेच्या बाजूने! ओहायोतून हलवलेली ही शेवटची जमात.

जुलैच्या शेवटी बोटी कॅन्सस नदीच्या तोंडाशी लागल्या आणि शॉनींनी जमीन द्यायला नकार दिला.

आता विचार करा. साडेसहाशे माणसं, पोरं, म्हातारी. मागचं घर विकलेलं, पुढचं घर नाहीच. काही कुटुंबांनी जवळच्या वेस्टपोर्ट गावात भाड्याने खोल्या घेतल्या. बाकीचे मिझुरीची हद्द आणि कॅन्सस नदी यांच्या मधल्या सखल सरकारी पट्ट्यावर तंबू टाकून राहिले. ओल, डास, दूषित पाणी. आजार पसरले. काही महिन्यांत मेलेल्यांचा आकडा वेगवेगळे लोक साठ ते शंभर असा देतात. कमीतला धरला तरी दर अकरा माणसांमागे एक. प्रेतं नदी ओलांडून समोरच्या उंचवट्यावर नेऊन पुरली जात होती. सुरुवातीला सांगितलेली दोन एकर हीच. म्हणजे जिवंत माणसांना जमीन मिळायच्या आधी मेलेल्यांना मिळाली, आणि तीही तेव्हा दुसऱ्याचीच होती.

दुसऱ्याची म्हणजे डेलावेअर जमातीची. शेवटी तेच धावून आले. १४ डिसेंबर १८४३ ला दोन जमातींमध्ये करार झाला. जुन्या मैत्रीची आठवण त्यात लिहिलेली आहे. डेलावेअरांनी दोन नद्यांच्या संगमाच्या बेचक्यात तीन सेक्शन जमीन भेट दिली आणि छत्तीस सेक्शन विकली. सेक्शन म्हणजे ६४० एकर. छत्तीस सेक्शनचे झाले २३,०४० एकर, किंमत ४६,०८० डॉलर. भागून बघा, बरोब्बर एकरी दोन डॉलर. ६,०८० डॉलर १८४४ मध्ये आणि मग दहा वर्षं दरसाल ४,०००.

हा हिशोब मी दोनदा केला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. सरकारने ज्यांची लाखभर एकर जमीन घेतली, त्यांनी बदल्यात मिळायची जमीन स्वतःच्या पैशाने, दहा वर्षांच्या हप्त्यांवर विकत घेतली. काँग्रेसने या खरेदीला मान्यता दिली तीसुद्धा १८४८ मध्ये. आणि ती १,४८,००० एकर? तिचा निकाल १८५० मध्ये लागला. सरकारने त्या हक्काच्या बदल्यात १,८५,००० डॉलर दिले. एकरी सव्वा डॉलर. विकत घ्यायला लागली दोन डॉलरने, हक्क गेला सव्वाने.

या वाटाघाटींत, पत्रांत, हिशोबांत वॉकर सगळीकडे आहे. १८४५ पासून १८५४ पर्यंतच्या त्याच्या रोजनिशा टिकल्या आणि १८९९ मध्ये छापल्या गेल्या. आणि आता तो भाग, ज्यासाठी मी आधीच इशारा देऊन ठेवला होता. मिझुरीचे गुलाममालक नकोत, असं १८३१ मध्ये लिहिणारा हा माणूस कॅन्ससला आल्यावर स्वतः गुलाम बाळगू लागला.

याचं कारण ‘काळच तसा होता’ असं सांगता येत नाही. कारण त्याच काळात, त्याच गावात, त्याच समाजात याविरुद्ध उभे राहिलेले लोक होते. मेथडिस्ट चर्च गुलामगिरीवरून देशभर उत्तर आणि दक्षिण असं फुटलं, तशी वायंडॉट मंडळीही फुटली. वॉकर दक्षिणवाल्यांत. भांडण इतकं पेटलं की १८५६ मध्ये दोन्ही बाजूंची चर्चं जाळली गेली. जॉन स्ट्युअर्टची हाडं जपून पुरून आलेला हाच तो समाज, तेरा वर्षांपूर्वीचा.

मध्ये १८५३ आलं. तोपर्यंत सगळ्यांना दिसत होतं की पॅसिफिकपर्यंत रेल्वे जाणार आणि ती मधल्या मार्गाने गेली तर इथूनच जाणार. हा भाग अजून राज्य नव्हता, रीतसर प्रदेशही नव्हता. काँग्रेसने तो वसाहतीसाठी खुला केला की गोरे लोंढे येणार. थांबवता येत नाही, मग काय करायचं? वायंडॉट नेत्यांचं उत्तर धाडसी होतं: आपणच सरकार स्थापन करू. २६ जुलै १८५३ ला वायंडॉट समाजाच्या सभागृहात बैठक भरली आणि तिने नेब्रास्का प्रदेशाचं हंगामी सरकार जाहीर केलं. हंगामी गव्हर्नर: विल्यम वॉकर. समाजात लग्न करून आलेला गोरा अबेलार्ड गथ्री प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला जायला निवडला गेला.

वॉशिंग्टनने या सरकारला मान्यता दिली नाही. पण खुद्द मूळनिवासीच प्रदेश उघडा म्हणतायत म्हटल्यावर उघडायची घाई असलेल्यांचं फावलं. मे १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला आणि लोंढे आले. वॉकरची चाल मला कळते. बस आपल्या अंगावरून जाणारच असेल तर निदान स्टिअरिंग तरी हातात घ्या. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसवलंय असं वाटत होतं तेव्हा तो प्रत्यक्षात दारात लटकत होता.

३१ जानेवारी १८५५ च्या कराराने वायंडॉट जमात कायद्याने विसर्जित झाली. लोक अमेरिकेचे नागरिक झाले. सामायिक जमीन तोडून घराघरात वाटली. मग कर्जं, कर, दलाल, आणि काही वर्षांत बरीचशी जमीन दुसऱ्यांच्या नावावर. काही कुटुंबं कंटाळून दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात सेनेका लोकांच्या आश्रयाला गेली. १८६७ च्या करारात जमातीला पुन्हा मान्यता मिळाली ती तिथे. वॉकर कॅन्सस सिटीत १८७४ मध्ये वारला.

पण १८५५ च्या करारात वाटणीतून वगळलेली एक गोष्ट होती. दफनभूमी. ती त्याच कामासाठी कायमची राखीव राहील, असं त्यात लिहिलं होतं. कायमची.

वायंडॉट गावाचं शहर झालं, जागेचा भाव चढला, आणि १९०६ मध्ये काँग्रेसने ही दफनभूमी विकायची परवानगी दिली. कबरी हलवा, प्लॉट विका. तेव्हा तीन बहिणी पुढे आल्या: लायडा, हेलेना आणि आयडा कॉनली. त्यांचे आई-आजी इथेच पुरलेले. त्यांनी कबरींमध्ये एक खोपटं बांधलं, फाटकाला कुलूप ठोकलं आणि बंदूक घेऊन पहारा सुरू केला. लोक त्याला फोर्ट कॉनली म्हणायला लागले. पण खरी गोष्ट पुढे आहे. लायडा वकील होती. १९०२ मध्ये लॉ स्कूल पास, त्या काळात, बाई, मूळनिवासी. तिने वॉकरचंच हत्यार काढलं. कागद. करारात कायमची लिहिलंय, मग कायमची म्हणजे कायमची.

खालच्या कोर्टात हरली. जानेवारी १९१० मध्ये ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात स्वतःची बाजू मांडायला स्वतः उभी राहिली. तिथे युक्तिवाद करणारी पहिली मूळनिवासी स्त्री वकील म्हणून तिचं नाव घेतात. निकाल दिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्सनी, खूप मोठं नाव. ते म्हणाले की करार झाला होता जमातीशी, आणि ती जमात आता तिथे जमात म्हणून राहिली नाही. मेलेल्यांच्या वंशजाला एकट्याने त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. सरकार बांधलेलं असेल ते इभ्रतीने, कायद्याने नव्हे.

हे वाक्य ऐकून मला १८४२ चं टेबल आठवलं. एका बाजूला बसलेली माणसं प्रत्येक डॉलर, प्रत्येक एकर लिहून घेतायत, कारण लिहिलेलं पाळलं जातं असा त्यांचा समज आहे. अडुसष्ट वर्षांनी देशातलं सर्वोच्च न्यायालय सांगतं की आम्ही लिहिलं होतं, पण पाळायची सक्ती नव्हती.

कोर्टात हरली तरी जागा विकली गेली नाही, ती याच गाजावाजामुळे. त्या कबरी विकत घ्यायला उघडपणे पुढे यायची कोणाला लाज वाटावी असं वातावरण झालं. कॅन्ससचे सिनेटर चार्ल्स कर्टिस, स्वतः कॉ जमातीच्या वंशाचे आणि पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले, यांनी बाजू घेतली आणि १९१३ मध्ये विक्रीचा तो कायदा रद्द झाला. पुढेही प्रयत्न झाले. एकदा तर ओक्लाहोमातल्या वायंडॉट नेशनलाच तिथे कसिनो हवा होता आणि कॅन्ससमधले वायंडॉट विरोधात होते. १९९८ मध्ये ही जागा फक्त दफनासाठीच राहील असा समझोता झाला, आणि कसिनो शेजारच्या इमारतीत आला. घरातली भांडणंसुद्धा शेवटी याच दोन एकरांवरून.

ओहायोतलं ते दगडी चर्च आणि आवार, १८४३ मध्ये ‘सांभाळा’ म्हणून दिलेलं? सप्टेंबर २०१९ मध्ये मेथडिस्ट चर्चने ते समारंभपूर्वक वायंडॉट नेशनला परत केलं. ओक्लाहोमातून लोक आले होते. जॉन स्ट्युअर्ट आणि समंडेवॉट तिथेच आहेत.

आणि कॉनली बहिणी कॅन्सस सिटीच्या त्या टेकाडावर पुरलेल्या आहेत, जिथे त्यांनी पहारा दिला तिथेच. त्यांतल्या हेलेनाच्या दगडावर, या कबरींना हात लावणाऱ्याला उद्देशून, एक शाप कोरलेला आहे.